नितळ पाण्याचा गुन्हा

१

ओवी मी गं गाते, विहिरीच्या काठाला
पाणी सांगे दोराला, दोर सांगे हाताला

गंगूआत्या हे गायची ती राहाटाच्या कुरकुरीवर सूर धरून. देवरूखला परसात विहीर होती. दर्शना तेव्हा सहा वर्षांची. पाणी दोराला काय सांगतं, असं विचारलं की आत्या म्हणायची, ते तुझं तू ऐक, मी कशाला मधे बोलू. आत्या जाऊन जमाना झाला. तिच्या विहिरीवर मोटर बसली आणि राहाट अडगळीत गेला. दर्शना साळवी भूजलाचं शास्त्र शिकली, वीस वर्षं गावोगावच्या विहिरींच्या नाड्या बघत हिंडली, पण हातात दोर आला की तिचे कान अजून आपसूक उभे राहत.

त्या मंगळवारी सकाळी भोकरतळं गावाच्या उतारावर तिने जमिनीत उतरवलेल्या तपासणीच्या तीन नंबरच्या नळीत दोराने बाटली सोडली, भरून वर ओढली आणि उजेडात धरली. मग ती तिथेच गडग्यावर बसली.

पाणी नितळ होतं. अगदी काचेसारखं. वाटसरू असता तर ओंजळ भरून प्यायला असता. दर्शनाने बाटलीला नाक लावलं. कुजक्या अंड्यांचा भपकारा नाकात जाऊन डोळ्यांत पाणी यायला हवं होतं. त्या भपकाऱ्याची तिने नवस बोलल्यासारखी वाट पाहिली होती. दिवाळीच्या सुमाराला तो आला, तेव्हा वाडीतल्या बायकांनी नाकाला पदर लावून तिचा उद्धार केला होता आणि ती मात्र हसत होती. आज तो गेला होता. या नळीतलं पाणी काळं आणि घाणेरडंच असायला हवं. ते नितळ झालं, म्हणजे खाली कोणीतरी मेलं होतं. आणि मेलेले इतके, की गणती करायला आकडा पुरू नये.

वर सड्यावर, उघड्या कातळमाथ्यावर, एक कारखाना होता. बंद पडून बावीस वर्षं झाली. तिथे यंत्रांचे सुटे भाग बनत आणि त्यांच्यावरचं तेल काढायला एक औषध वापरत. त्याचं नाव ट्रायक्लोरोएथिलीन, कागदोपत्री टीसीई. पाण्यापेक्षा जड, जिभेला गोडसर आणि शरीराला घातक. कातळाच्या भेगांतून ते कधीतरी खाली उतरलं आणि खालच्या वाडीच्या विहिरीत येऊन बसलं. एकतीस घरांची ती एकच बारमाही विहीर. गेली दोन वर्षं तिच्यावर लाल पाटी होती आणि बायका टँकरच्या मागे हंडे घेऊन धावत होत्या.

दर्शनाने विहिरीच्या वरच्या अंगाला, पाणी झिरपत येतं तिथे, आडवा चर खणवला होता आणि त्यात तपासणीच्या चार नळ्या उतरवल्या होत्या. चराच्या पोटात तिने काय घातलं ते ऐकून जिल्ह्याचे साहेब हसले होते. नारळाची सोडणं, आंब्याच्या फॅक्टरीतले बाठे, तुसाचा कोळसा आणि लेथवरचा लोखंडाचा कीस. वीज लागत नव्हती, पंप लागत नव्हता. सोडणं-बाठे कुजले की पाण्यातली हवा संपते. हवा संपली की ते सूक्ष्म जीव जागे होतात, ज्यांना हवेचं वावडं आणि त्या विषाची चटक. एकेक घास तोडून ते विषाचं साधं वारं करून टाकतात. तेव्हापासून साहेबलोकांत तिचं नाव सोडणवाली बाई पडलं होतं. पण दिवाळीनंतर विहिरीतलं विष निम्म्यावर आलं आणि हसणारे गप्प झाले.

जानेवारीपासून आकडा पुन्हा चढू लागला. जिल्ह्याच्या पाणी समितीने तिला साफ सांगितलं होतं: वीस फेब्रुवारीला आम्ही येतो. एक तर आकडा उतरलेला दाखवा, नाहीतर हे विष नेमकं कुठून गळतंय ती जागा दाखवा. दोन्ही नसेल तर विहीर काँक्रीट घालून कायमची बुजवायची. लेकरं तरी वाचतील.

आज अकरा तारीख होती.

दर्शनाने नळीचं झाकण उलटंपालटं केलं. कुलूप शाबूत होतं. कुठे ओरखडा नाही की पक्कडीचा डाग नाही. नळीच्या तोंडाशी आतून पांढरी पापडी धरली होती, नखाने खरवडली तर पिठासारखी सुटत होती.

कोणीतरी किल्ली लावून, सावकाश, हे सगळे जीव मारले होते.

२

किल्ल्या तीन होत्या. एक दर्शनाच्या पर्समध्ये. दुसरी हर्षद सुर्व्यांकडे, कारण चर त्यांच्या कलमांच्या बागेतून गेला होता. तिसरी ग्रामपंचायतीच्या कचेरीत खिळ्याला.

वैताग हा की हर्षद सुर्व्यांना विचारायचं म्हणजे आधी त्यांची कलमं ऐकून घ्यावी लागत. कुठल्या कलमाला मोहर आला, कुठल्याला तुडतुडा लागला आणि चर खणताना कुठल्या हापूसची मुळं तुटली, हे सगळं त्यांनी तिला पुन्हा एकदा सांगितलं. तुटलेलं कलम आजोबांच्या हातचं होतं. हे ती चौदाव्यांदा ऐकत होती. शिवा घवाळी मागे तिचं सामान धरून उभा होता. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक, साठीला टेकलेला, पायात रबरी चप्पल. कोणी सांगितलं नव्हतं, तरी दर्शना गावात आली की तो बाटल्यांचा डबा उचलायचा आणि दुपारी कुठूनतरी चहा आणायचा. सगळ्या भोकरतळ्यात तिला चीड न आणणारा हा एकच माणूस होता.

बागेत प्रत्येक खोडाला कमरेपर्यंत चुना फासलेला. बाजूला चुन्याचं पिंपही होतं. दर्शनाने खिशातल्या पुडीतली पापडी काढली आणि वर लिंबू पिळलं. पापडी फसफसली. चुनाच होता.

तिने हर्षदरावांकडे पाहिलं. त्यांनी लुंगीची गाठ सावरली.

"मॅडम, मला चुना लावायचाच असता ना, तर तुम्हाला लावला असता. नळीला कशाला लावू?"

शिवा मागे खुदकन हसला. दर्शनाला हसू आलं नाही. रागाच्या भरात माणूस असं बोलतो, आणि पोटात काही असलं तरी असंच बोलतो.

ती परत नळीवर गेली आणि पाण्यात रंगाची पट्टी बुडवली. पट्टी जरा निळसर झाली आणि थांबली. दर्शनाने तीन वेळा बुडवून पाहिली. एवढे जीव मारायला पिंपातला चुना ओतायचा म्हणजे दोन बादल्या तरी हव्या, आणि दोन बादल्या ओतल्या असत्या तर पट्टी जांभळी झाली असती, महिनाभर उतरली नसती. म्हणजे नळीत चुना होता, पण चुन्याने कोणी मेलं नव्हतं. तो कशाच्या तरी पाठीवर बसून आला होता.

हर्षदराव सुटले. जाता जाता त्यांनी तिच्या हातावर कैरीचं लोणचं ठेवलं आणि आजोबांच्या कलमाचं काय, ते पंधराव्यांदा विचारलं.

३

उरला सुजय मयेकर. त्याचे दोन टँकर वाडीला पाणी पुरवत. विहीर शुद्ध झाली की टँकरची गरज संपणार, हे शेंबडं पोरही सांगेल. शिवाय त्याचा मामा पंचायतीत सदस्य, त्यामुळे सुजयची बैठक कायम कचेरीत. खिळ्यावरची किल्ली त्याच्या डोक्यापासून हातभर लांब.

दर्शनाने त्याला टँकरच्या सावलीत गाठलं. त्याने तिला खुर्ची दिली, थंडा मागवला, आणि एकही प्रश्न अंगाला लावून घेतला नाही. तो म्हणाला, मी पाणी विकतो, पाण्याला मारत नाही. मग त्यानेच उलट विचारलं की तुमच्या किड्यांना कुजलेलं खाऊन अजीर्ण झालं असेल, त्याचा तपास केलात का. आजूबाजूला दोघं-तिघं हसले. दर्शनाने थंडा तसाच ठेवला.

कचेरीत दिशा नावाची मुलगी संगणकावर बसे. चुणचुणीत, शुद्धलेखनाची पक्की. सरपंचांच्या भाषणातल्या चुकासुद्धा ती लाल पेनाने दुरुस्त करी. किल्ली कोणी नेली का, या प्रश्नावर ती ठामपणे नाही म्हणाली. बाहेरच्या कोणाला आपण किल्ली देतच नाही. सुजय इथे बसतो, चहा पितो, पण किल्लीला त्याने हात लावलेला तिने पाहिला नव्हता.

मग काशीकाकी. विहिरीला लागून तिचं घर, सत्तरीची, शिवाची थोरली वहिनी. दिवसभर ओटीवर बसून ती सुपात काहीतरी निवडत असे आणि वाटेवरून जाणारं मांजरही तिच्या नजरेतून सुटत नसे. तिला दर्शनाने सरळ विचारलं, काकी, नळ्यांजवळ कोणी येतं का, पाण्यात कोणी काही घालतं का.

"छ्या गो बाय," काशीकाकी म्हणाली. "परकं कुत्रं फिरकलं नाय. आमचा शिवा येतो तेवढा. पाण्यात कोण कशाला काय घालील? पाणी म्हंजे काय उकिरडा हाय?"

दर्शनाने कपाळाला हात लावला. कोणी आलं नाही, कोणी काही घातलं नाही, आणि खाली मात्र मुडदे पडताहेत.

शनिवारी तिने पुन्हा पाणी काढलं. तीन नंबर अजून नितळच, पण एक, दोन आणि चार नंबरला पुसटसा वास परत आला होता. घरी जाऊन तिने दीड महिन्याचे आकडे भिंतीवर चिकटवले. ती मंगळवारी आणि शनिवारी नमुने घेई. दर शनिवारी पाणी जरा सावरलेलं, दर मंगळवारी पुन्हा कोसळलेलं. सहा आठवडे हेच. म्हणजे मारेकरी शनिवार-मंगळवारच्या मधे येत होता. नेमाने, जसं कोणी देवळात जावं.

तिने फोनाफोनी केली. सुजय दर रविवारी सकाळी बायकोला घेऊन सासुरवाडीला चिपळूणला जाई, आणि टँकर धुऊन, तेल बदलून मंगळवारीच परते. सहाही आठवडे. त्याच्या सासऱ्याने हे सांगताना असा उसासा टाकला की खोटं असणं शक्य नव्हतं.

संशयित संपले. दिवस मात्र पाच उरले होते.

४

रत्नागिरीच्या प्रयोगशाळेतून सोमवारी सकाळी निकाल आला. मेलेल्या पाण्यात तांबं नव्हतं, म्हणजे बागेतली फवारणी सुटली. डिझेल नव्हतं. दोनच गोष्टी वाढल्या होत्या. चुना थोडा आणि क्लोराइड, म्हणजे साधं मीठ, बरंच. दर्शना तो कागद वाचत पाखाडी उतरत होती आणि प्रत्येक पायरीला स्वतःवर चिडत होती. चुना आणि मीठ. हे काय, पानाचा विडा केलाय की लोणचं घातलंय?

ऊन चढलं होतं. काशीकाकीने ओटीवरूनच हाक मारली आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. दर्शना तो तोंडाला लावणार तोच काकीने ओशाळून सांगितलं, की टँकरचं पाणी असलं तरी आज वास यायचा, वाईट वाटून घेऊ नकोस. आज सोमवार. शिवाने पिंपात पावडर टाकली असणार. तो काय ऐकत नाही, पाणी दिसलं की पावडर.

दर्शनाने तांब्या खाली ठेवला.

"काकी, शिवाकाका नळ्यांमध्येपण टाकतात?"

"टाकतो तर. दर सोमवारी."

"मी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, कोणी काही घालत नाही."

काशीकाकीने तिच्याकडे असं पाहिलं, जसं शहाण्यासुरत्या माणसाने खुळचट बोलल्यावर पाहावं. "अगो, पावडर म्हंजे घालणं काय? ती पावडर."

दर्शना पायरीवर बसली. हसावं की रडावं ते तिला कळेना. वीस वर्षं ती स्वतः गावोगाव फिरून विचारत आली होती, विहिरीत टीसीएल टाकलं का, टीसीएल टाकलं का. पावसाळ्यात साथ येऊ नये म्हणून प्रत्येक ग्रामपंचायत विहिरीत ती पांढरी पावडर टाकते. चुन्यावर बसवलेलं क्लोरीन. पाण्यातला जीव मारते, घाण पोटात घेते, दोन दिवसांत तिचा वासही उरत नाही. मागे राहतं काय, तर जरासा चुना आणि बरंचसं मीठ. आणि गावाच्या बोलीत टीसीएल टाकणं म्हणजे पाण्यात काही घालणं नव्हेच. पाण्यात घालतात ते विष. टीसीएल म्हणजे पाण्याची आंघोळ.

तिने सगळ्या गावाला चुकीचा प्रश्न विचारला होता, आणि सगळं गाव खरं बोललं होतं.

पण शिवाला नळ्यांत टाकायला सांगितलं कोणी?

५

कचेरीत दर्शनाने आपलं मे महिन्यातलं पत्र मागितलं. दिशाने फाईल काढली. पत्रात एक ओळ होती: "नळी क्रमांक १ ते ४ मध्ये टीसीई तपासणी करणे, महिन्यातून एकदा." ही तपासणी दर्शना स्वतःच करणार होती, ओळ माहितीसाठी होती. खाली दुसरा कागद होता. नव्या वर्षाच्या कामवाटपात जलसुरक्षकासाठी ग्रामपंचायतीने काढलेली सूचना, दिशाने टाइप केलेली: "नळी क्रमांक १ ते ४ मध्ये टीसीएल टाकून तपासणी करणे, महिन्यातून एकदा."

दर्शनाने दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि बोट ठेवून दाखवलं.

दिशा जराही गडबडली नाही. म्हणाली, तुमच्या पत्रात चूक होती मॅडम. टीसीई असं काही नसतंच. 'एल'च्या जागी 'ई' पडलेलं, आणि वाक्यपण अर्धवट वाटत होतं. मी दुरुस्त केलं. तुम्हाला फोन करणार होते, पण म्हटलं एवढ्याशा चुकीसाठी तुम्हाला कशाला लाजवायचं.

दर्शना खिडकीतून बाहेर बघत राहिली. दोन वर्षांची धडपड, चाळीस मीटरचा चर, ट्रकभर बाठे, आणि एक अक्षर. रागावण्यासारखं माणूसही समोर नव्हतं. होती एक भली मुलगी, जिने दुसऱ्याची लाज राखली होती.

मग ती ते कागद पुन्हा वाचू लागली, आणि दुसऱ्यांदा वाचताना तिची भुवई वर गेली. तिने उठून सूचनेचा कागद पर्समध्ये घातला आणि दिशाला म्हणाली, चल माझ्याबरोबर. हर्षदराव आणि सुजयलाही बोलव. मी ज्यांच्यावर संशय घेतला त्यांच्यासमोर बोलते, मागून नको.

"सुजयदादा चिपळूणला आहे."

"मग त्याला फोनवर घे. हसू दे एकदाचा."

६

विहिरीच्या चौथऱ्यावर दुपारी सगळे जमले. लाल पाटीखाली हर्षदराव लुंगी आवरून बसले. काशीकाकी सूप घेऊनच आली. दिशाच्या हातातल्या फोनमध्ये सुजय होता. शिवा नेहमीप्रमाणे बाटल्यांचा डबा धरून जरा लांब उभा राहिला.

दर्शनाने सगळं क्रमाने सांगितलं. पापडी चुन्याची होती, पण पट्टीने सांगितलं की एकट्या चुन्याचं हे काम नव्हे. तांबं नाही, म्हणून बाग सुटली. घात सोमवारी होतो, म्हणून सुजय सुटला. चुना आणि मीठ एकत्र सोडून जाणारी एकच वस्तू या गावात आहे, आणि ती वापरणारं माणूस एकच. ते इतकं आपलं, की कोणाच्या डोळ्याला दिसलंच नाही. माझ्याही नाही. ज्याच्या खांद्यावर बाटल्यांचा डबा दिला, त्यालाच एवढं विचारायचं राहिलं.

सगळ्यांच्या माना शिवाकडे वळल्या.

शिवाने डबा खाली ठेवला. हो म्हणाला, कचेरीतली किल्ली घेऊन पावडर मी टाकली. सूचना होती. नळीतलं पाणी काळं, वास मारतंय, म्हणून टाकली. तुमचे ते जीव मरतील हे मला कोणी सांगितलं नाही मॅडम. वीस वर्षं गावाला रोगराई नाही म्हणून हिरवं कार्ड आहे, माझ्या पाण्याने एक पोर आजारी पडलं नाही.

फोनमधून सुजय हसला. म्हणाला, म्हणजे खून केला आणि वर हिरवं कार्ड. हर्षदरावांनाही हसू आवरेना. काशीकाकीने दिराला खुळा म्हटलं आणि सुपातले खडे वेचायला लागली. वातावरण सैल झालं. एक नंबरच्या नळीत अजून थोडी धुगधुगी होती, तिचं विरजण घेऊन चर पुन्हा जागवता आला असता. पण त्याला दोन महिने लागणार, आणि समिती येणार गुरुवारी. हे दर्शनाने सांगितलं, तेव्हा हसणं थांबलं.

"म्हणजे हीर बुजवणार," काशीकाकी म्हणाली. तिने सूप बाजूला ठेवलं आणि विहिरीच्या कठड्यावर हात ठेवून बसून राहिली. याच काठावर ती नवरी होऊन पहिला हंडा भरायला उभी राहिली होती.

दर्शनाने पर्समधून कागद काढला. तिचा आवाज आता चिडका नव्हता, थकलेला होता.

"शिवाकाका, एका गोष्टीचा मला अर्थ लागत नाहीये. सूचनेत महिन्यातून एकदा लिहिलंय. तुम्ही दर सोमवारी टाकलीत. चार नळ्यांना सारखी टाकायची, तर तीन नंबरला जास्त टाकलीत. तिथलंच सगळं मेलंय, बाकीच्या अर्धमेल्या आहेत. तुम्ही शिस्तीचे. चमचा मोजून पावडर घालणारे. मग कागदाच्या चौपट का?"

शिवाने डबा पायाने जरा मागे सारला.

"वास चारीही नळ्यांना होता. तीन नंबरलाच काय आहे, जे तुम्हाला माहीत आहे आणि मला नाही?"

हर्षदराव काहीतरी म्हणायला गेले, दर्शनाने हात वर केला. सड्यावरून गरम वारा आला आणि लाल पाटी खिळ्यावर हलली. शिवा खाली बघत होता. त्याच्या बोटांच्या पेरांत पावडरीची पांढरी रेघ होती. अशा वेळी माणसाला हाकलूनही चालत नाही आणि सोडूनही चालत नाही. गेल्या मे महिन्यात ती याच उंबऱ्यांवर हिंडली होती. कारखान्यातले जुने सात-आठ कामगार, शिवासकट, सगळ्यांनी एकच सांगितलं होतं, वापरलेल्या औषधाचे डबे ट्रकातून बाहेर जायचे. सगळ्यांचे शब्दसुद्धा तेच होते. तेव्हा तिला ते एकमत वाटलं होतं.

"भावजी," काशीकाकी म्हणाली. फार हळू. "हीर जातेय. काय असंल तर बोला."

शिवाने चप्पल काढली, का ते त्यालाही कळलं नसावं, आणि अनवाणी चौथऱ्यावर चढला. आपल्या हातचा डाग पावडरीने धुतला तर उतरेल, असं त्याला वाटत आलं होतं. सहा आठवडे तो बादल्या घेऊन आपल्यापरीने तेच धूत होता. हे त्याने सांगितलं नाही, पण दर्शनाला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. मग तो विहिरीत बघत बोलू लागला, जणू माणसांपेक्षा तिला सांगणं सोपं होतं.

"ट्रक कधी येत नव्हता. मालकानं सांगितलेलं तसं बोलायला, म्हणून समदे बोलले, मी पन बोललो. डबे मी ओतायचो. कारखान्याच्या पंपघराच्या मागं कातळाला भोक हाय, वर चिरा ठेवलेला. तीन नंबरच्या नळीच्या बरोब्बर वर. अकरा वर्सं ओतले मी. कातळ पितो, संपलं, असं वाटायचं. कोनी विचारलं नाय, म्हनून नाय सांगितलं, असं म्हनलो तर ते खोटं होईल. विचारलं व्हतं तुमी. वयनी हितं पानी भरत व्हती आनि मला समजलं व्हतं, तरी नाय बोललो. चला, चिरा मी उचलतो. साहेबास्नी पन मीच दाखवतो."